वाढत्या अंगाची स्की घ्यावी का?

प्रश्न (अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहणाऱ्या एका वाचक आईच्या पत्राचा सारांश) :

आमची मुलगी १० वर्षांची आहे. तिची उंची १३८ सेंटिमीटर आणि वजन ३० किलो आहे. स्नेह्यांच्या भागीदारीत आम्ही तळ्याकाठी एक केबिन आणि आउटबोर्ड इंजिनाची बोट घेतली असून, गेले दोन उन्हाळे मुलगी तिथे वॉटर स्कीइंग करते, म्हणजे पायांत स्की नावाच्या लांब फळ्या अडकवून, बोटीला बांधलेला दोर धरून पाण्यावरून घसरत जाते. दोन स्कीवर ती आता निर्धास्तपणे उभी राहते आणि बोटीमागची लाट ओलांडून पलीकडे जाऊन परत येते. तिचा १२ वर्षांचा चुलतभाऊ मागच्या ऑगस्टमध्ये एका स्कीवर उभा राहिला. तेव्हापासून तिचा एकच धोशा आहे : मलाही स्लालम स्की, म्हणजे दोन्ही पाय एकामागे एक ठेवायची एकच स्की, हवी. माझ्या यजमानांच्या सहकाऱ्याकडे स्पर्धेत वापरली जाणारी, ६७ इंच लांबीची कार्बनची स्की आहे. ती नवी घ्यायची तर दोन हजार डॉलर पडतील, पण तो ती चारशेला द्यायला तयार आहे. यजमान म्हणतात, "वाढत्या अंगाची घेऊन ठेवू, म्हणजे पुढे दहा वर्षे बघायला नको. बूट मोठे होत असतील तर आत जाड मोजे घालू." ते स्वतः गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. "तेव्हा आमची मापे कुणी घेतली होती?" असा त्यांचा सवाल आहे. मला मुलांसाठीची छोटी स्की घ्यावीशी वाटते, पण ती दोन वर्षांत अपुरी पडेल आणि पैसे पाण्यात जातील, हेही मनाला पटते. नेमकी कोणती स्की घ्यावी?

उत्तर :

वाढत्या अंगाचे कपडे घ्यायचे ही आपल्या घराघरांतली रीत आहे आणि तीत चूक काही नाही. जूनमध्ये शिवलेल्या गणवेशाची कड आतून चार बोटे दुमडून तिला धावदोरा घालून ठेवायचा आणि पोर उंच झाले की तो उसवायचा, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या लहानपणी घडलेले आहे. तुमच्या यजमानांच्या मनात तोच हिशेब आहे, आणि त्यामागे मुलीवरची माया आणि संसाराची काळजी दोन्ही आहेत. अडचण अशी की स्कीला दुमडायला कड नसते. ती जेवढी लांब, जेवढी ताठ आणि ज्या वेगासाठी घडवलेली असेल, तशीच ती पहिल्या दिवसापासून मुलीच्या पायाखाली असणार. म्हणून माझे मत आधीच सांगून टाकते : ती ६७ इंची स्की चारशेला काय, फुकट मिळाली तरी या मुलीसाठी घेऊ नये. मात्र तुम्ही उद्याच दुकानात जाऊन नवी छोटी स्की आणावी, असेही मी म्हणणार नाही. त्याआधी तुमच्या गॅरेजमधली एक गोष्ट तपासायची आहे. तिच्याकडे मी पुढे येतेच.

पत्र वाचताना जाणवले ते असे की तुम्ही दोघेही लांबीवर अडून बसला आहात. यजमानांना लांब स्की हवी आहे आणि तुम्हाला आखूड. वास्तविक मुलांच्या स्कीचा विचार रुंदीपासून सुरू करायला हवा. स्की पाण्यावर राहते ती मुख्यतः वेगामुळे. बोट ओढू लागली की पाणी स्कीच्या तळावर आदळते आणि तिला वर रेटते. हा रेटा दोन गोष्टींवर अवलंबून असतो : बोटीचा वेग आणि तळाचे क्षेत्रफळ. वेग जास्त असेल तर लहान तळही पुरतो आणि वेग कमी असेल तर तळ मोठा लागतो. १० वर्षांच्या मुलीला आपण मोठ्यांच्या वेगाने ओढणार नाही, म्हणजे तिला तळ मोठाच हवा. इथपर्यंत तुमच्या यजमानांचे "मोठी घेऊ" हे म्हणणे बरोबर आहे, आणि तुम्ही ते त्यांना मोकळेपणाने सांगावे असे मला वाटते. प्रश्न पुढचा आहे : हे क्षेत्रफळ लांबीतून मिळवायचे की रुंदीतून?

तुम्ही ज्या राज्यात राहता तिथेच या प्रश्नाचे पहिले उत्तर सापडले होते. मिनेसोटातल्या लेक सिटी गावी, लेक पेपिन या तळ्यावर, राल्फ सॅम्युएलसन नावाच्या तरुणाने १९२२ साली पाण्यावर घसरण्याचा ध्यास घेतला. आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की वापरून पाहिल्या. दोन्ही वेळा तो बुडाला. त्या काळच्या बोटीच्या वेगाला तो अरुंद तळ पुरणारा नव्हता. शेवटी त्याने पाइन लाकडाच्या ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद अशा दोन फळ्या आणल्या, आईच्या तांब्याच्या हंड्यात त्यांची टोके उकळून मऊ केली आणि वर वाकवली. २ जुलै १९२२ रोजी, स्कीची टोके पाण्याबाहेर धरून मागे रेलल्यावर, तो अखेर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला १९ वर्षे पूर्ण होणार होती. तुमची मुलगी आज त्याच्याच स्थितीत आहे : बोट सावकाश चालणार, म्हणून पायाखाली रुंद फळी हवी. फरक एवढा की आजच्या कारागिरीमुळे ती ८ फुटांची असण्याची गरज उरलेली नाही.

आता ती सहकाऱ्याची कार्बनची स्की कशासाठी बनवलेली आहे ते पाहू. स्पर्धेतल्या स्लालमचा मार्ग २५९ मीटरचा असतो आणि मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर, आलटून पालटून डाव्या-उजव्या बाजूला, खेळाडूने वळसे घालायचे असे ६ बोये (तरंगत्या खुणा) असतात. पुरुषांसाठी बोट ताशी ५८ किलोमीटर म्हणजे ३६ मैल आणि स्त्रियांसाठी ५५ किलोमीटर म्हणजे ३४ मैल वेगापर्यंत जाते. प्रत्येक यशस्वी फेरीनंतर दोर आखूड करत नेतात, आणि वरच्या पातळीवर तो इतका आखूड होतो की नुसता दोर बोयापर्यंत पोहोचतच नाही. उरलेले अंतर खेळाडूला अंग झोकून, हात लांबवून गाठावे लागते. अशा वेगासाठी आणि अशा ताणासाठी घडवलेली स्की अरुंद असते, ताठ असते आणि वळणात पाण्यात खोल बसावी म्हणून तिचा तळ बहुधा कडेपासून कडेपर्यंत खोलगट असतो. तिच्यावर ८० किलोचा माणूस झुकला की ती हवी तेवढी वाकते आणि त्या वाकण्यातूनच वळण जन्माला येते. ३० किलोची मुलगी ताशी २० मैलांवर, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरवर, तिच्यावर उभी राहिली तर ती वाकणार नाही आणि कडेवर कलणारही नाही. लांब असल्यामुळे तिला पूर्ण बुडवणे मुलीला जमणार नाही, पण वळवणेही जमणार नाही. मुलगी सरळ रेषेत फळीवर उभी असलेली दिसेल, आपण टाळ्या वाजवू, आणि तिच्या मात्र लक्षात येईल की आपण कितीही झुकलो तरी ही आपले ऐकत नाही. अशा मुली आणि मुलगे दुसऱ्या उन्हाळ्यात "मला (बोटीमागे ओढायच्या फुगीर) ट्यूबवरच बसायचे आहे" म्हणू लागतात. खेळ सुटतो तो बहुधा भीतीने नव्हे, या ऐकत नसलेल्या स्कीमुळे सुटतो, असे मी तळ्याकाठच्या अनेक घरांत पाहिले आहे.

म्हणून लांबी कमी आणि रुंदी जास्त हे मुलांच्या स्लालम स्कीचे सूत्र आहे. मोठ्यांच्या स्की साधारण ६५ ते ६८ इंचांच्या असतात. तुमच्या मुलीच्या वजनाला ६० इंचांच्या आसपासची स्की पाहावी. मधला भाग आणि पुढचा भाग चांगला रुंद असावा, शेपूट फार निमुळती नसावी आणि कडा बऱ्यापैकी गोलसर असाव्यात, कारण गोल कड चूक पोटात घालते. तळाचा खोलगटपणा उथळ असला म्हणजे स्की पाण्यावर उंच राहते आणि लवकर वर येते. प्रत्येक कंपनी वजन आणि वेग यांचा एक तक्ता देते. तो वाचताना आई-वडिलांकडून हमखास होणारी चूक म्हणजे मुलगी पुढच्या वर्षी ज्या वेगाने जाईल अशी आशा असते, तो वेग तक्त्यात शोधणे. आज तुमची बोट तिला ज्या वेगाने ओढते, तोच वेग धरा. तिचे वजनही आजचेच धरा. वय आणि उंची बाजूला ठेवा. हे तक्ते पौंडांत असतात आणि तुमच्या मुलीचे वजन सुमारे ६६ पौंड भरते.

कार्बनचा मोह समजण्यासारखा आहे, कारण ते साहित्य खरोखरच सुंदर असते. पण कार्बन ताठपणासाठी आणि हलकेपणासाठी वापरतात, आणि ताठपणाचा फायदा वेग आणि वजन असलेल्या माणसाला मिळतो. मुलीसाठी काचतंतूची (फायबरग्लासची), थोडी लवचीक स्की घ्या. बुटांसह अशा मुलांच्या स्की साधारण ३०० ते ५०० डॉलरच्या घरात मिळतात. तळाच्या मागच्या बाजूला जे उभे पाते असते, ज्याला फिन म्हणतात, त्यावर कधी कधी एक आडवा पंख बसवलेला असतो. तो स्पर्धकाला वळणाआधी वेग कमी करायला मदत करतो. तुमच्या मुलीला वेग कमी करण्याची नव्हे, टिकवण्याची गरज आहे. पंख असेल तर काढून ठेवा.

इथवर स्कीबद्दल झाले, पण मला खरी काळजी वाटली ती पत्रातल्या जाड मोज्यांच्या वाक्याने. स्की चुकीची निवडली तर मुलीचा एक उन्हाळा वाया जाईल. बूट चुकीचे निवडले तर तिचा घोटा जाईल. स्कीवरच्या बुटांना बाइंडिंग म्हणतात आणि त्यांना दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. उभे असताना पाय घट्ट धरायचा आणि जोरात पडल्यावर तो सोडून द्यायचा. सैल बुटात पाय अर्धाच सुटतो : टाच बाहेर येते, बोटे आतच अडकतात आणि तेवढ्यात पाणी स्कीला पिळवटते. माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी मी हीच चूक केली. दुकानदाराने सांगितले की एक माप मोठे घ्या, दोन वर्षे चालेल, आणि मी ते आनंदाने घेतले. तळ्यावर दुसऱ्याच पडण्यात त्याची टाच निघाली आणि पुढचा पाय मुरगळला. हाड मोडले नाही, पण तीन आठवडे तो डॉकवर, म्हणजे बोट लावायच्या धक्क्यावर, पाय वर ठेवून इतर मुलांना पाहत बसला होता. तो सुजलेला घोटा मला आजही दिसतो, आणि म्हणूनच या एका बाबतीत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. मोजे ओले होऊन घसरतात किंवा फुगून अडकतात. बूट किती घट्ट आहे याचा अंदाजच त्यांच्यामुळे जातो.

बूट तपासायची जागा म्हणजे तुमचे स्वयंपाकघर. जमिनीवर टॉवेल पसरा, त्यावर स्की ठेवा आणि फिनखाली दोन उशा द्या, म्हणजे पाते वाकणार नाही. मुलीचा पाय पाण्याने ओला करा, पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाका आणि तो पाय बुटात सरकवा. पाय पूर्ण आत गेल्यावर अंगठा पुढच्या टोकाला हलका टेकायला हवा, पण दुमडता कामा नये. मग तिला गुडघा वाकवून पुढे झुकायला सांगा आणि तुमचे बोट तिच्या टाचेमागे ठेवा. टाच उचलली जात असेल तर बूट सैल आहे. शेवटी तुम्ही स्की दोन्ही हातांनी दाबून धरा आणि तिला पाय ओढून काढायला सांगा. जोर लावून निघाला पाहिजे, पण कुणाची मदत न घेता निघाला पाहिजे. पाय वाढणारच, आणि या वयात वर्षभरात एक माप सहज वाढते, म्हणून तीन-चार मापांत सैल-घट्ट करता येणारे बाइंडिंग घ्या. 'वाढत्या अंगाचे' हे तत्त्व इथे अगदी योग्य रीतीने वापरता येते, कारण या बुटांना खरोखरच कड असते आणि ती उसवता येते. स्की तीच ठेवून पुढे फक्त बूट बदलता येतात, मात्र घेण्यापूर्वी स्कीवरची भोके दुसऱ्या बुटांशी जुळतात का ते विचारून घ्या.

मागच्या पायासाठी दोन पर्याय असतात : पूर्ण बूट, किंवा बोटे सरकवायचा नुसता पट्टा. दोन पूर्ण बुटांमध्ये पडताना दोन्ही पाय एकाच वेळी सुटले तर उत्तम. एक सुटला आणि एक अडकला तर अवघड. सुरुवातीला मला पट्टाच बरा वाटतो, कारण पाण्यातून उठताना मागचा पाय मोकळा ठेवून तोल सावरता येतो आणि उभे राहिल्यावर तो पट्ट्यात घालता येतो.

विहिरीचा दाखला तुमच्या यजमानांनी दिला, तो मला फार आवडला. पण त्यांनी आठवून पाहावे की तो डबा त्यांच्या पाठीला कुणीतरी बांधला होता, गाठ ओढून पाहिली होती आणि मगच पाण्यात सोडले होते. पोर लहान असेल तर डबा घट्ट झाकणाचा, जड असेल तर मोठा, आणि हातपाय मारता यायला लागले की डब्यात थोडे थोडे पाणी भरून त्याचा आधार कमी करत न्यायचा, असे आमच्याकडे करत. फूटपट्टी कुणी लावली नसेल, पण काकांच्या किंवा मामांच्या नजरेने माप घेतलेले होते. त्या वेळी कुणी त्यांच्या पाठीला गावच्या पखालीएवढी टाकी बांधली नव्हती.

आता गॅरेजकडे येऊ. तुमची मुलगी दोन स्कीवर खेळते, त्याअर्थी तुमच्याकडे स्कीची जोडी आहे. अशा जोडीला कॉम्बो म्हणतात, आणि बहुतेक कॉम्बोमधल्या एका स्कीवर पुढच्या बुटामागे एक जास्तीचा पट्टा बसवलेला असतो. तो पट्टा एका स्कीवर जाण्यासाठीच असतो. अगदी लहान मुलांच्या, पुढची टोके दोरीने बांधलेल्या जोडीत तो नसतो, म्हणून आज संध्याकाळीच पाहून घ्या. पट्टा असेल तर तुमच्या मुलीची पहिली स्लालम स्की तुमच्या घरात दोन वर्षांपासून पडून आहे. ती पुरेशी रुंद आहे, तिच्या ओळखीची आहे आणि तिच्यावरचा बूट तिच्या पायाला बसतो. येता उन्हाळा तिने त्याच स्कीवर शिकावे आणि खरेदीचा विचार ऑगस्टमध्ये करावा, असा माझा सल्ला आहे. ऑगस्टपर्यंत तुम्हाला हेही कळेल की तिला एका स्कीवर जायचे आहे की चुलतभावासारखे दिसायचे आहे. दुसरी इच्छाही काही वाईट नाही. १० वर्षांच्या मुलीने मोठ्या भावाकडे पाहून काही मागणे यात गोडवाच आहे. पण तो तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, आणि या वयातली दोन वर्षे म्हणजे खांदे, पोटऱ्या आणि हाताची पकड यांत फार मोठा फरक. तिला मागे राहिल्यासारखे वाटत असेल तर त्यावर स्की हा उपाय नाही. हे तिच्याशी बसून, वेळ काढून बोलावे.

कोणता पाय पुढे ठेवायचा हेही जोडीवरच ठरते. मागून अचानक हलका धक्का द्यायचा आणि कोणता पाय पुढे पडतो ते पाहायचे, अशी एक युक्ती प्रचलित आहे, पण मुले सावध असतात आणि धक्का येणार हे त्यांना कळते. त्यापेक्षा ती दोन स्कीवर सरळ जात असताना तिला एक स्की पाण्यावरून वीतभर उचलून तीन आकडे मोजायला सांगा, मग दुसरी. जो पाय पाण्यावर राहिला असताना ती जास्त स्थिर दिसेल, तो तिचा पुढचा पाय. हे चार-पाच वेळा, वेगवेगळ्या दिवशी करा. उत्तर आले की मागचा पट्टा असलेली स्की त्या पायात जाईल. एक स्की उचलून ती दहा आकडे सहज मोजू लागली की उचललेली स्की पाण्यात सोडून द्यायची वेळ आली असे समजावे. त्या दिवशी सोडायच्या स्कीचा बूट थोडा सैल ठेवा. मोकळा झालेला पाय तिने लगेच पट्ट्यात कोंबायची घाई करू नये. बोटे पाण्यावर टेकवून तोल सावरावा, नजर बोटीवर ठेवावी आणि मग न पाहता पट्टा चाचपावा. खाली पाहिले की पडलेच. पाण्यातून थेट एका स्कीवर उठणे ही त्यानंतरची पायरी आहे आणि तिला एखादा पूर्ण उन्हाळा लागला तरी चिंता करू नये.

इतर पालकांच्या पत्रांतूनही हेच प्रश्न येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. मूल १३-१४ वर्षांचे आणि ५० किलोच्या आसपास असेल तर मुलांच्या स्कीमध्ये पैसे घालण्याऐवजी मोठ्यांची पण रुंद, हौशी खेळाडूंसाठी बनवलेली ६३ ते ६५ इंचांची स्की घेणे शहाणपणाचे आहे, आणि तिथे "पुढे चालेल" हा हिशेबही खरा ठरतो. मूल सात-आठ वर्षांचे असेल तर स्लालमचा विषयच बाजूला ठेवावा आणि दोन स्कीवर त्याला मनसोक्त खेळू द्यावे. वापरलेली स्की घ्यायला माझी अजिबात हरकत नाही, किंबहुना मुलांच्या बाबतीत मी तिलाच पहिली पसंती देते, कारण तळ्याकाठच्या प्रत्येक केबिनमध्ये कुणाचे तरी मूल मोठे झालेले असते. मात्र ती उन्हात नेऊन नीट पाहावी. बुटांच्या स्क्रूभोवती केसासारख्या भेगा आहेत का, कडेला थर सुटले आहेत का, शेपटीकडून उभी धरल्यावर कुठून पाणी पाझरते का आणि हातात घेतल्यावर ती आकाराच्या मानाने जड लागते का, हे तपासावे. आतल्या फोममध्ये पाणी शिरलेली स्की कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. बुटाचे रबर ताणून पाहावे. कडक झालेले किंवा बारीक चिरा पडलेले रबर पाय केव्हा सोडेल याचा भरवसा नसतो. फिनच्या कडेवरून बोट हळूच फिरवावे, आणि ती धारदार लागली तर कानशीने बोथट करून घ्यावी. मोठ्यांची स्की भावाबहिणींत वाटली जात नाही, पण ६० इंचांची स्की एका घरातून दुसऱ्या घरात वर्षानुवर्षे फिरते. तुमचे पैसे पाण्यात जातील ही भीती त्यामुळे फारशी खरी नाही; दोन उन्हाळ्यांनी ती विकता येईल किंवा स्नेह्यांच्या धाकट्याला देता येईल.

काही गोष्टी स्कीपेक्षाही स्वस्त आणि स्कीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. मुलांच्या हाताला पुरेल असे बारीक मुठीचे हँडल घ्या, कारण मोठ्यांची जाड मूठ धरून त्यांचे हात स्कीच्या आधी दमतात. हँडलजवळ दोराचा लांब त्रिकोण असलेला प्रकार मिळतो. त्या त्रिकोणात स्कीचे टोक धरून ठेवले की ते उठताना भरकटत नाही. दोर शक्यतो कमी ताणला जाणारा असावा. अंगावर तटरक्षक दलाची मान्यता असलेले आणि तिच्या वजनाच्या मापाचे लाइफ जॅकेट हवेच. ते खांद्यांना धरून वर उचलून पाहा, कानांपर्यंत सरकत असेल तर मोठे आहे. मिनेसोटात बोट चालू असताना १० वर्षांखालच्या मुलांना जॅकेट कायद्याने सक्तीचे आहे. तुमची मुलगी नुकतीच त्या वयाबाहेर गेली असली तरी स्की करताना आपल्या घरात वय न पाहता सक्ती असावी. तसेच तिथे स्कीवाल्याला ओढताना बोटीत चालकाशिवाय एक निरीक्षक किंवा रुंद कोनाचा आरसा असावा लागतो. आरसा असला तरी निरीक्षक म्हणून तुम्ही बसा. चालकाने पुढे पाहावे आणि तुम्ही फक्त मुलीकडे.

चालक तुमचे यजमान असतील, तर या उन्हाळ्यात सर्वांत जास्त शिकायचे आहे ते त्यांना. मुले एका स्कीवर उठू शकत नाहीत याचे कारण बऱ्याचदा बोटीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या चालकाच्या हातात असते. दोर ताठ होईपर्यंत बोट रांगत न्यायची, मुलीने "चल" म्हटल्यावर वेग हळूहळू वाढवत न्यायचा. झटका दिला तर ३० किलोची मुलगी हँडलमागे तोंडावर आपटते. ती उभी राहिली की ताशी १८ ते २० मैलांच्या दरम्यान तिला सोयीचा वाटेल तो वेग शोधावा. लाट लहान व्हावी म्हणून वेग आणखी कमी करू नका, कारण सावकाश जाणारी बोट मागून खाली बसते आणि तिच्या मागची लाट उलट उंच होते. बोटीत पाहुणे भरल्यानेही तेच होते, तेव्हा सरावाच्या वेळी नातेवाईकांनी डॉकवरूनच पाहावे. आउटबोर्ड बोटीचा पंखा नेमका शिडीजवळ असतो, म्हणून मुलगी बोटीजवळ पोहत येत असताना इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून भागत नाही, ते पूर्ण बंद करायचे. इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या फळीवर कुणी बसू नये; तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

तुमच्या भागात वॉटर स्कीचा क्लब असेल तर त्यांच्या शिकाऊ दिवशी एकदा मुलीला घेऊन जा. अशा क्लबांच्या बोटींना बाजूला एक आडवा दांडा लावलेला असतो. तो धरून मूल बोटीच्या अगदी शेजारी, सपाट पाण्यावर एका स्कीवर उभे राहू शकते आणि शिकवणाऱ्याचा आवाज त्याला नीट ऐकू येतो. शिवाय तिथे दोन-तीन वेगवेगळ्या स्की पायाखाली घेऊन पाहता येतात, आणि हे तर कोणत्याही दुकानात होणार नाही. कोणती स्की बरी वाटली ते मुलीला विचारा आणि तिचे उत्तर वहीत लिहून ठेवा. ऑगस्टमध्ये खरेदीला निघताना ती वही आणि तिचे त्या दिवशीचे वजन बरोबर असू द्या.

आणि तिला पाण्यात सोडण्यापूर्वी डॉकवर उभे राहून हातांच्या खुणा पाठ करून घ्या. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, पडल्यावर हात उंच म्हणजे मी ठीक आहे, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबा. या शेवटच्या खुणेबद्दल यजमानांशी आधीच बोलून ठेवा : तिने ती केली की बोट थांबली पाहिजे, ती त्या क्षणी कितीही छान उभी असली आणि आणखी पन्नास मीटर सहज गेली असती असे तुम्हाला दोघांना वाटत असले तरीही.